अमेरिकन फुटबॉलचें गुरुगृह

धनाढ्य राष्ट्रास कोणतीहि विद्या विकत घेतां येते, अशी एक समजूत लोकांत रूढ आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फुटबॉलचा इतिहास चाळला म्हणजे ती किती उथळ आहे हें ध्यानांत येतें. ज्या खेळाला तेथील लोक ‘सॉकर’ म्हणतात, त्यासाठीं या देशाजवळ पैसा होता, विस्तीर्ण मैदानें होतीं आणि हौशी मुलांची तर कधींच वाण नव्हती; तरीहि आपल्या गुणी मुलाचें शिक्षण पुरें व्हावें म्हणून त्याला युरोपची वाट धरावी लागली. असें कां झालें, हा प्रश्न खेळाची आवड नसलेल्या वाचकासहि विचार करावयास लावील.

आरंभीं प्रवाह उलट वाहत होता. १९२१ सालीं ‘अमेरिकन सॉकर लीग’ स्थापन झाली, तेव्हां बेथलेहेम स्टील या पोलादाच्या कारखान्याच्या संघासारखे संघ स्कॉटलंडांतून खेळाडू आणीत. अ‍ॅलेक्स जॅक्सन हा असाच तेथें एक हंगाम खेळून मायदेशीं परतला, आणि पुढें १९२८ सालीं वेम्ब्लीवर इंग्लंडविरुद्ध त्यानें तीन गोल केले. १९३० च्या पहिल्या विश्वस्पर्धेंत अमेरिकेचा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोंचला. त्या स्पर्धेंत फॉल रिव्हर या गिरणगांवीं जन्मलेल्या बर्ट पॅटेनॉडनें पॅराग्वेविरुद्ध तीन गोल केले. एका सामन्यांत तीन गोल करणारा विश्वस्पर्धेंतील पहिला खेळाडू तोच, असा निर्वाळा ‘फिफा’नें २००६ सालीं दिला. म्हणजे गुण मातींतच होता. परंतु आपसांतील भांडणें आणि महामंदी यांच्या तडाख्यांत १९३३ पर्यंत ही लीग लयास गेली, आणि मुलाला खेळाडू बनविणारी परंपराहि तिच्याबरोबर खंडित झाली.

२९ जून १९५० रोजीं ब्राझीलमधील बेलो होरिझोंते येथें अमेरिकेनें इंग्लंडला १–० असें हरविलें, ही गोष्ट पुष्कळांनीं ऐकलेली असेल. गोल करणारा जो गेटजेन्स हैतींत जन्मलेला. तो नंतर फ्रान्सला गेला. त्या दिवसाचा कर्णधार एड मॅकिल्वेनी स्कॉटलंडांत जन्मलेला. त्याला मँचेस्टर युनायटेडनें घेतलें. ज्याच्या फटक्यावरून तो गोल झाला, तो वॉल्टर बाहर मात्र फिलाडेल्फियाचा. तो मायदेशींच राहिला आणि शिक्षकी करीत जगला. एवढ्या मोठ्या विजयानंतर ४० वर्षें या देशास विश्वस्पर्धेंत पाऊल टाकतां आलें नाहीं. विजय मिळाला होता, पण त्यामागें शाळा नव्हती.

मग पैशानें ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न झाला. १९६८ सालीं सुरू झालेल्या ‘नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग’मध्यें १९७५ सालीं न्यूयॉर्क कॉसमॉसनें प्रत्यक्ष पेलेला आणिलें. मैदानें भरलीं, परंतु १९८४ च्या हंगामानंतर ती लीगहि बंद पडली. उसन्या दिव्यांनीं घर उजळतें, पण तेल संपलें कीं अंधार अधिकच दाटतो.

खरी उणीव निराळीच होती. युरोपांत मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला कीं क्लबच्या आश्रयानें मुरलेल्या खेळाडूंच्या पंक्तीस बसतो. अमेरिकेंतील मुलगा थोड्याच दिवसांत महाविद्यालयांत जाई. तेथें शिष्यवृत्ति मिळे, पदवी मिळे. पण सामन्यांचा मुख्य हंगाम शरद् ऋतूच्या कांहीं महिन्यांत आटोपे. आमचें आयुष्य महाविद्यालयांतच गेलें असल्यामुळें पदवीचें मोल आम्ही कमी लेखणार नाहीं; परंतु कांहीं विद्या अशा आहेत कीं, त्यांत अठरा ते बावीस हीं वर्षें पाया घालण्याचीं नसून कस लागण्याचीं असतात. ही मधली पायरी घरीं नव्हती, म्हणून ती परदेशीं शोधावी लागली. १९ नोव्हेंबर १९८९ रोजीं पोर्ट ऑफ स्पेन येथें त्रिनिदादविरुद्ध गोल करून ज्यानें अमेरिकेला पुन्हां विश्वस्पर्धेंत नेलें, त्या पॉल कॅलिजुरीनें जर्मनीचा अनुभव घेतलेला होता. स्कॉटिश गिरणीकामगारांनीं जेथें हा खेळ रुजविला त्या कर्नी गांवचा जॉन हार्क्स १९९० सालीं शेफील्ड वेन्सडेकडे गेला, आणि पुढच्याच वर्षीं त्या क्लबनें लीग कप जिंकला.

१९९६ सालीं ‘मेजर लीग सॉकर’ सुरू झाली. १९९९ सालीं फ्लॉरिडांतील ब्रॅडन्टन येथें निवडक मुलांसाठीं निवासी शिक्षण सुरू झालें. पण सर्वसाधारण मुलाला चांगल्या क्लबांत शिकावयाचें तर खर्च आईबापांच्या माथीं, ही रीत टिकून राहिली. टेक्सासमधील नॅकोडोचेस गांवीं चाकांवरच्या घरांत वाढलेल्या क्लिंट डेम्प्सीला घरचीं माणसें कित्येक तास मोटार हांकून डॅलसला नेत. पुढें खर्च झेपेना, तेव्हां सोबत्यांच्या आईबापांनीं हातभार लावला. २००७ सालीं तो लंडनच्या फुलहॅम क्लबांत गेला. ज्यांना असा हातभार लाभला नाहीं, त्यांचीं नांवें इतिहासास ठाऊक नाहींत.

पैशाप्रमाणेंच वंशावळीहि कामास येई. अठरा वर्षांखालील मुलास परदेशी क्लबांत सहसा नोंदतां येत नाहीं. युरोपीय नागरिकास मात्र सोळाव्या वर्षापासून सवलत आहे. पेनसिल्व्हेनियाच्या हर्शी गांवच्या क्रिश्चन पुलिसिकचे आजोबा क्रोएशियाचे, म्हणून तो १६ व्या वर्षींच जर्मनींतील डॉर्टमुंडला जाऊं शकला. २०१९ सालीं चेल्सीनें त्याच्यासाठीं ६ कोटी ४० लक्ष युरो मोजले. उलट, डॅलसच्या क्लबनें वाढविलेला वेस्टन मॅकेनी २०१६ सालीं शाल्केकडे गेला, तेव्हां डॅलसच्या हातीं दमडीहि पडली नाहीं. शिकविणाराला कांहींच मिळत नसेल, तर तो गरिबाच्या मुलाला फुकट कां शिकवील?

१० ऑक्टोबर २०१७ रोजीं त्याच त्रिनिदादमध्यें २–१ असा पराभव होऊन अमेरिकेचा २०१८ च्या विश्वस्पर्धेंतील प्रवेश हुकला, आणि विचारी लोक जागे झाले. २०१९ सालीं मेजर लीगनें आपल्या क्लबांनीं घडविलेल्या मुलांबद्दल शिक्षणाची भरपाई मागण्याचें ठरविलें. टायलर अ‍ॅडम्स, ब्रेंडन अ‍ॅरनसन, रिकार्डो पेपी हे तिघे २०१९ ते २०२२ च्या दरम्यान युरोपांत गेले, ते आपापल्या क्लबांच्या पदरीं मोठी रक्कम टाकून. या क्लबांच्या अकादमींत आतां बहुधा फी घेत नाहींत.

म्हणून मुलगा परदेशीं जातो याचा आम्हांस विषाद वाटत नाहीं. त्याच्या जाण्यानें मागच्या मुलाची फी भागत असेल, तर तें जाणें घराच्या हिताचेंच आहे. परंतु असे क्लब मोठ्या शहरांच्या आसपास आहेत, आणि नॅकोडोचेससारखीं गांवें पुष्कळ आहेत. तेथल्या मुलाच्या वाटेंत अजूनहि बापाची थैली आडवी येते. ती दूर होईपर्यंत या राष्ट्राला आपल्या गुणांची खरी मोजदाद झाली असें म्हणतां येणार नाहीं.