जुन्या ट्रम्पेटचे मोल कसे ठरते? ठाकुर्लीच्या माळ्यावरील एका वाद्याची गोष्ट

१/ गेल्या महिन्यात ठाकुर्लीतील आमच्या शेजारच्या काकूंनी मला हाक मारली. माळा आवरताना त्यांच्या सासऱ्यांचे एक पितळी वाद्य सापडले होते. भंगारवाल्याने ते काट्यावर ठेवून पितळेच्या भावाने किंमत सांगितली होती. "तू इतिहास शिकतोस ना? मग सांग, मोडीत घालू की याचे आणखी काही येईल?" नातीच्या प्रवेशाचे पैसे जुळवायचे होते.

२/ वाद्य जेमतेम दीड वीत लांब, त्याला तीन वॉल्व्ह. मी उत्साहाने म्हणालो, "काकू, हा पिकोलो ट्रम्पेट दिसतो. याला चांगली किंमत येते." त्यांचा चेहरा उजळला. माझे ते वाक्य चुकीचे होते. ती चूक दुरुस्त करताना जे समजले, त्याचा हा धागा.

३/ 'पिकोलो' म्हणजे इटालियनमध्ये छोटा. नेहमीच्या बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी उलगडली तर सुमारे १.४ मीटर भरते. पिकोलोची नळी त्याच्या निम्मी, म्हणून त्याचा सूर एक सप्तक वर. त्याला बहुधा चार वॉल्व्ह असतात आणि बी-फ्लॅट व ए अशा दोन पट्ट्यांसाठी मुखाकडच्या दोन वेगळ्या नळ्या मिळतात. जुना पिकोलो घेताना यातली एखादी नळी हरवलेली असेल, तर किंमत तिथेच उतरते.

४/ हे वाद्य हवेच कशाला? बाखने १७२१ मध्ये अर्पण केलेल्या ब्रांडेनबुर्ग कोन्चेर्तोंपैकी दुसऱ्यात ट्रम्पेटचे सूर विलक्षण उंच आहेत. त्या काळी वॉल्व्ह नव्हते. लांब नळीच्या ट्रम्पेटवर केवळ ओठांच्या बळावर ते काढले जात. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती विद्या लोपली. वॉल्व्हचे पेटंट जर्मनीत १८१८ मध्ये घेतले गेले आणि पुढे जुन्या उंच रचनांसाठी आखूड नळीचे ट्रम्पेट घडले.

५/ जानेवारी १९६७ मध्ये डेव्हिड मेसन यांना हीच रचना बीबीसीवर वाजवताना पॉल मॅकार्टनीने पाहिले. काही दिवसांतच बीटल्सच्या 'पेनी लेन'मध्ये मेसन यांचा पिकोलो वाजला. १९८७ मध्ये तो सदबीजच्या लिलावात दहा हजार डॉलरहून अधिक किमतीला गेला. ती किंमत पितळेची नव्हती. ते वाद्य कोणी, कुठे वाजवले हे निर्विवाद ठाऊक होते, त्या माहितीची ती किंमत होती.

६/ आता काकूंचे वाद्य. दुसऱ्या दिवशी नळीच्या वळणावळणांवरून दोरा फिरवला आणि शिवणाच्या टेपने मोजला. १.३ मीटरच्या वर भरला! म्हणजे हा पिकोलो नव्हे, कॉर्नेट. कॉर्नेटची नळी ट्रम्पेटइतकीच लांब, पण अधिक घट्ट गुंडाळलेली, म्हणून वाद्य छोटे दिसते. पहिला धडा : आकारावर जाऊ नये, नळी मोजावी.

७/ दुसरा पुरावा कर्ण्यावर होता : 'बूझी अँड कंपनी, लंडन'. ही कंपनी १९३० मध्ये हॉक्स कंपनीत विलीन झाली आणि 'बूझी अँड हॉक्स' हे नाव आले. नुसते 'बूझी' कोरलेले असल्यामुळे वाद्य त्याआधीचे ठरते. मी पुन्हा सुखावलो. एवढे जुने, म्हणजे मौल्यवान असणारच!

८/ कल्याणच्या एका लग्नाच्या बँडमध्ये आयुष्य घालवलेल्या मास्तरांकडे ते नेले. त्यांनी मुख्य स्लाइड पूर्ण आत सारली, एक सूर धरला आणि मान हलवली. "हे चढे आहे. आमच्या क्लॅरिनेटशी जुळणार नाही." इथे इतिहास आडवा आला.

९/ व्हिक्टोरियन ब्रिटनमध्ये सैन्याचे बँड ए = ४५२ च्या आसपास वाजत; ही 'हाय पिच'. आजचा सर्वमान्य ए = ४४०, तो १९३९ च्या लंडन परिषदेत मान्य झाला. दोहोंतील अंतर जवळजवळ पाव सुराचे. ब्रिटिश सैन्याने चढी पट्टी १९२० च्या दशकाच्या अखेरीस सोडली, तोवर तिथली असंख्य वाद्ये त्याच पट्टीत घडली होती. मुख्य स्लाइड ओढून सूर उतरतो, पण मग प्रत्येक वॉल्व्हची स्लाइडही त्या प्रमाणात ओढावी लागते. म्हणजे या वाद्याचे वयच त्याची किंमत कमी करत होते.

१०/ मास्तरांनी आणखी तीन गोष्टी दाखवल्या. वॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड झटकन ओढली की 'पॉक' असा आवाज यावा. न आल्यास हवा गळते. नळीवर गुलाबी ठिपके असतील तर पितळेतील जस्त निघून गेले आहे, म्हणजे धातू आतून कुजतो आहे. आणि कोरीव अक्षरे पुसट असतील तर अतिपॉलिशने कर्णा पातळ झालेला असतो. आमचे वॉल्व्ह उत्तम होते, अक्षरे मात्र पुसट.

११/ अशी वाद्ये आपल्याकडे आली कशी? ब्रिटिश पलटणींचे बँड हा एक मार्ग. दुसरा गोव्याचा : चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईत धोबी तलावाच्या कुडांत उतरत आणि हॉटेलांत, पुढे चित्रपटांत वाजवत. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांच्यापैकीच. शिवाय मेरठची जली कोठी बँडची वाद्ये घडवू लागली आणि बँड लग्नाच्या वरातीत शिरला.

१२/ काकू म्हणाल्या, "हे कल्याण कॅम्पातल्या गोऱ्या सोजिराचे, असे सासरे सांगत." कल्याण कॅम्प म्हणजे आजचे उल्हासनगर, दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. जुने वाद्य तिथे आले असणे अशक्य नाही. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाची खूण ठोकलेली असे, ती आम्ही भिंगातून शोधली. सापडली नाही. खूण नाही म्हणून आठवण खोटी ठरत नाही; पण खरेदीदार आठवणीचे पैसे देत नाही, पुराव्याचे देतो.

१३/ मग काकूंनी एक छायाचित्र काढले. बँडच्या गणवेशात सासरे, हातात हेच कॉर्नेट. नळीवरचा पोचा नेमका त्याच जागी. वाद्य आणि वादक यांना जोडणारा हा एकच कागद, आणि तो रद्दीच्या गठ्ठ्यात होता.

१४/ मी काकूंना सरळ सांगितले : "माझे चुकले. हा पिकोलो नाही, नातीची फी यातून निघणार नाही. पण मोडीच्या भावाहून नक्की जास्त येईल. मास्तर शिकाऊ मुलांसाठी घ्यायला तयार आहेत." काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वाजणार असेल तर देऊ. फोटो मात्र माझ्याकडेच राहील." मी त्याची एक प्रत काढून, मागे नाव-गाव लिहून मास्तरांना दिली.

१५/ आपल्याही माळ्यावर असे काही असेल, तर भंगारवाल्याच्या आधी चार गोष्टी करा : नळी मोजा, कोरलेले शब्द उतरवून घ्या, जाणकाराकडून सूर तपासा आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ते कोणी वाजवले हे लिहून ठेवा. पहिल्या तीन गोष्टी उद्याही करता येतील. चौथीला उशीर करू नका.