आयनिक बंध आणि सहसंयुज बंध

आयनिक बंध आणि सहसंयुज बंध हे रासायनिक बंधाचे दोन प्रमुख प्रकार आहेत. विरुद्ध विद्युतप्रभार असलेल्या आयनांमधील आकर्षणामुळे आयनिक बंध निर्माण होतो, तर दोन अणूंमधील इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीमुळे सहसंयुज बंध निर्माण होतो. १९१६ साली वाल्टर कोसेल यांनी पहिल्याचे व गिल्बर्ट लुईस यांनी दुसऱ्याचे स्पष्टीकरण मांडले.

निर्मिती

सोडियमच्या बाह्यतम कक्षेत १, तर क्लोरीनच्या बाह्यतम कक्षेत ७ इलेक्ट्रॉन असतात. सोडियमचा तो इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेला की सोडियमचा धन आयन व क्लोराइडचा ऋण आयन तयार होतो आणि दोघांचेही अष्टक पूर्ण होते. क्लोरीनचे दोन अणू एकत्र येतात तेव्हा मात्र दोघांची इलेक्ट्रॉन ओढण्याची क्षमता सारखीच असते. म्हणून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन मिळून बनलेली जोडी दोघांत सामाईक राहते. नायट्रोजनच्या रेणूत अशा तीन जोड्या असतात.

रचना व गुणधर्म

मिठाच्या स्फटिकात सोडियमचा प्रत्येक आयन ६ क्लोराइड आयनांनी वेढलेला असतो. त्यामुळे मिठाचा सुटा रेणू दाखवता येत नाही. त्याचे सूत्र आयनांचे केवळ प्रमाण सांगते. आकर्षण सर्व दिशांनी असल्याने मीठ ८०१° से. ला वितळते. घन अवस्थेत ते वीज वाहून नेत नाही. वितळल्यावर किंवा पाण्यात विरघळल्यावर आयन मोकळे होऊन वीज वाहते. साखर सहसंयुज असल्याने तिच्या द्रावणात आयन नसतात व वीज वाहत नाही.

मिथेन सुमारे −१६१° से. ला उकळतो, यावरून सहसंयुज बंध दुबळा असतो असा समज होतो. तो चुकीचा आहे. उकळताना रेणूंमधील क्षीण आकर्षण तुटते, रेणूतील बंध अभंग राहतात. हिऱ्याचे काठिण्य सहसंयुज बंधांमुळेच आहे.

सीमारेषा

लायनस पाउलिंग यांनी १९३२ मध्ये विद्युतऋणतेची मोजपट्टी मांडली. दोन अणूंच्या विद्युतऋणतेतील फरक सुमारे १.७ पेक्षा अधिक असल्यास बंध आयनिक मानण्याचा प्रघात आहे. परंतु हायड्रोजन फ्लोराइडमध्ये हा फरक १.७८ असूनही त्यातील बंध सहसंयुज, पण तीव्र ध्रुवीय आहे. म्हणजेच या दोन प्रकारांमध्ये काटेकोर सीमारेषा नसून बहुतेक बंधांत दोन्हींचा अंश कमीअधिक प्रमाणात आढळतो.