यादीतले शब्द, गोष्टीतले शब्द

२३ जून १९२६ रोजी अमेरिकेतले ८,०४० विद्यार्थी एका नव्या परीक्षेला बसले. प्रश्न ३१५ आणि वेळ ९७ मिनिटं. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बुद्धिचाचण्या घेण्याच्या कामात असलेले प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम यांनी ती बेतली होती. स्कोलॅस्टिक अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट हे तिचं नाव. पुढे सगळं जग तिला ‘सॅट’ म्हणू लागलं. शाळेत काय शिकवलं यापेक्षा मुलाची मुळातली कुवत किती, हे तिला मोजायचं होतं. त्यासाठी साधन निवडलं ते मात्र मुख्यतः शब्दांचं: व्याख्या, विरुद्धार्थी शब्द, शब्दांच्या जोड्या. कुवत पाठ करता येत नाही, शब्द येतात. एवढी फट धंदा उभा राहायला पुरेशी होती.

जमीन आधीच नांगरली जात होती. जॉन्सन ओ’कॉनर यांनी १९२२ पासून जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या कामगारांच्या कलचाचण्या घ्यायला सुरुवात केली होती. पुढे त्यांनी जाहीर केलं, की मोठ्या हुद्द्यावरच्या माणसांचा शब्दसंग्रह इतरांपेक्षा मोठा असतो. साहेब झाल्यावर शब्द आले की शब्द आल्यावर साहेब झाला, हा प्रश्न वाचकांनी फारसा विचारला नाही. शब्द वाढवा, पगार वाढेल, असा सोयीस्कर अर्थ लोकांनी काढला. १९४२ मध्ये विल्फ्रेड फंक आणि नॉर्मन लुइस यांचं तीस दिवसांत शब्दसंपत्ती वाढवून देणारं पुस्तक आलं. जानेवारी १९४५ पासून फंक यांनी ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये शब्दांचं सदर सुरू केलं. मासिकाची भारतीय आवृत्ती १९५४ मध्ये निघाली आणि इंग्रजी सुधारायचं म्हणून ती घेणाऱ्या मराठी घरांतही हे पान पोचलं.

लुइस यांचं १९४९चं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ आपल्याकडे तर अजून खपतं. मुंबईच्या फूटपाथवर आणि सिग्नलला विकायला येणाऱ्या पुस्तकांत ते हटकून असतं, बहुतेक वेळा चोरून छापलेलं. त्याच्या दीर्घायुष्याचं कारण शब्दांच्या मांडणीत आहे. लुइस शब्द अकारविल्हे देत नाहीत. बोलण्याच्या तऱ्हा हा विषय घेतला, की मितभाषी, बडबड्या, मोजकं पण मर्मावर बोलणारा अशी माणसंच रांगेनं समोर येतात. ‘टॅसिटर्न’ शब्दासोबत अबोल म्हणून गाजलेले अमेरिकी अध्यक्ष कूलिज येतात, तर ‘लॅकोनिक’सोबत मोजकंच बोलणारे स्पार्टाचे लोक. शब्दाआधी माणूस भेटतो आणि माणूस विसरायला जरा वेळ लागतो.

परीक्षेच्या धंद्यानं मात्र उलटी वाट धरली. ब्रुकलिनमध्ये आईवडिलांच्या घराच्या तळघरात शिकवणी घेणारे स्टॅन्ली कॅप्लन १९४६ पासून सॅटची तयारी करून घेऊ लागले. बॅरन्स या प्रकाशनाच्या जाडजूड पुस्तकांनी साडेतीन हजार शब्दांची यादी घरोघरी नेली. पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेला निघालेल्यांची परीक्षा जीआरई. तिच्यासाठीही बॅरन्सची तशीच यादी होती. पुण्यामुंबईच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतल्या कित्येक पिढ्यांनी ती घोकली. सुरुवातच पाहा: अबेस, अबॅश, अबेट. तिन्ही क्रियापदं, तिन्ही एकाच सुरात, अर्थ तीन दिशांना. स्मरणशक्तीला गोंधळात पाडायचं ठरवूनही याहून चांगली रचना सुचली नसती. तरी हॉस्टेलच्या भिंतींवर चिठ्ठ्या चिकटल्या आणि परीक्षा झाल्यावर त्या जशा उतरल्या तसे बरेचसे शब्दही उतरले.

यादी गोष्टीत ओवली तर काय होतं, याची रीतसर तपासणी स्टॅनफर्ड विद्यापीठात झाली. गॉर्डन बॉवर आणि मायकल क्लार्क यांनी १९६९ मध्ये विद्यार्थ्यांना दहा-दहा नामांच्या बारा याद्या दिल्या. एका गटाला सांगितलं, प्रत्येक यादीतले शब्द क्रमानं घेऊन मनातल्या मनात गोष्ट रचा. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ दिला आणि नुसतं पाठ करायला सांगितलं. एकेक यादी संपताच विचारलं तेव्हा दोन्ही गट सारखेच. जवळजवळ सगळे शब्द दोघांनाही आठवत होते. फरक दिसला तो बाराही याद्या संपल्यावर. गोष्टी रचणाऱ्यांना सरासरी ९३ टक्के शब्द आठवले, पाठ करणाऱ्यांना १३ टक्के.

या आकड्यांच्या जोरावर पुढे बऱ्याच जणांनी बरंच काही विकलं. म्हणून इथे थोडं थांबायला हवं. बॉवर-क्लार्क यांची नामं विद्यार्थ्यांच्या ओळखीची होती. लक्षात ठेवायचा होता तो क्रम. अनोळखी शब्द अर्थासकट शिकणं हे निराळं काम. त्याच विद्यापीठातल्या रिचर्ड अ‍ॅटकिन्सन आणि मायकल रॉ यांनी १९७५ मध्ये त्याचीही परीक्षा पाहिली. शिकायचे होते १२० रशियन शब्द. शब्दाच्या उच्चाराशी जुळणारा इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याचं व अर्थाचं मिळून एक चित्र मनात उभं करायचं, अशी युक्ती. असं करणाऱ्यांना ७२ टक्के अर्थ सांगता आले, इतरांना ४६ टक्के. सहा आठवड्यांनी हेच आकडे ४३ आणि २८ झाले. युक्ती उपयोगी खरी, पण उजळणीवाचून विसरणं तिलाही चुकलं नाही.

दोन्ही प्रयोगांत गोष्ट किंवा चित्र शिकणाऱ्यानं स्वतः जुळवलेलं होतं. प्रकाशकांनी नेमकी हीच बाब नजरेआड केली आणि तयार गोष्ट बाजारात आणली. १९९४ मध्ये चार्ल्स हॅरिंग्टन एल्स्टर आणि जोसेफ एलियट यांची ‘टूथ अँड नेल’ ही कादंबरी निघाली. कॉलेजात घडणारी रहस्यकथा, सॅटचे शब्द ठळक ठशात आणि शेवटी त्यांचे अर्थ. दहा वर्षांनी एल्स्टर यांनी ‘टेस्ट ऑफ टाइम’मध्ये मार्क ट्वेनला थेट आजच्या अमेरिकेत आणून सोडलं. कल्पना चांगली, पण अशा पुस्तकांना एक खोड जन्मजात असते. गोष्टीला हवा म्हणून शब्द येत नाही, शब्दाला जागा हवी म्हणून प्रसंग येतो. पात्रं चालत नाहीत, ‘पेरॅम्ब्युलेट’ करतात. दोन-चार पानांत वाचणाऱ्याला लेखकाची ओढाताण कळते आणि मग नजर ठळक शब्दांवरून उड्या मारत पुढे जाते. म्हणजे फिरून यादीच.

स्वतः रचलेल्या गोष्टीला चांगली असण्याची सक्ती नसते, हा तिचा मोठा फायदा. समजा शब्द आहेत पार्सिमोनिअस, गॅर्युलस आणि ऑब्ड्युरेट. सदाशिव पेठेतले पार्सिमोनिअस काका पाहुण्याला अर्धा कप चहा देतात. पाहुणा गॅर्युलस, तीन तास त्याचं तोंड बंद होत नाही. काका ऑब्ड्युरेट, उरलेला अर्धा कप शेवटपर्यंत बाहेर येत नाही. वाङ्मय म्हणून हिची किंमत शून्य. पण तिन्ही शब्दांना आता चेहरा आहे आणि तो रचणाऱ्याच्या ओळखीचा आहे.

दरम्यान परीक्षाच बदलत गेली. सॅटमधल्या शब्दजोड्यांवर जुना आक्षेप होता. धावपटूचं मॅरेथॉनशी जे नातं तेच वल्हेकऱ्याचं कशाशी, या प्रश्नाचं उत्तर होतं रेगाटा, म्हणजे नौकाशर्यत. तळ्याकाठच्या क्लबात वाढलेल्याला ते सहज येणार, गरीब वस्तीतल्या मुलानं कुठून आणायचं? कुवत मोजायला निघालेली परीक्षा घरची परिस्थिती मोजत होती. १९९४ मध्ये विरुद्धार्थी शब्द गेले, २००५ मध्ये शब्दजोड्या गेल्या. जीआरईनं दोन्ही २०११ मध्ये काढून टाकले. २०१६ पासून सॅटनं दुर्मीळ शब्दांचा नाद सोडला आणि उताऱ्यात शब्द कोणत्या अर्थानं आला आहे, ते विचारायला सुरुवात केली. शब्द पेरलेल्या कादंबऱ्यांचं मुख्य गिऱ्हाईकच त्यामुळे हातचं गेलं.

जीआरईच्या वाक्यपूर्तीत कठीण शब्द अजून येतात, म्हणून याद्याही आहेत, आता मोबाइलवर. त्यातली एखादी ज्याच्या हातात असेल त्यानं तयार गोष्टींवर पैसे घालू नयेत. दहा शब्द घ्यावेत, कोशात अर्थ आणि वापर नीट पाहावा, ओळखीची माणसं घालून वेडीवाकडी गोष्ट लिहावी आणि आठवड्यानं ती न बघता पुन्हा सांगून पाहावी. वही आणि पेन एवढाच त्याला खर्च आहे.