ई. कोलाय आणि शिगेला : एकाच घरातले भाऊबंद

टी.वाय.ला मायक्रोबायोलॉजी घेतलेल्या कुणालाही मॅककॉन्की अगारची प्लेट आठवत असेल. गुलाबी कॉलनी म्हणजे ई. कोलाय, बिनरंगी म्हणजे साल्मोनेला नाहीतर शिगेला. कोल्हापुरात बी.एस्सी. करताना आम्हीही हेच घोकलं. पण ही दोन नावं वेगळी झाली कशी? आज तेच बघू.

१८८५ साली थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाला तान्ह्या बाळांच्या शीमध्ये काडीसारखा एक जिवाणू सापडला. तो निरोगी बाळांतही होता. पुढे १८९७ साली जपानमध्ये आमांशाची मोठी साथ आली. नव्वद हजारांवर लोक आजारी पडले आणि दर पाचांतला एक दगावला. कियोशी शिगा या तरुण डॉक्टरने रुग्णांच्या शौचातून जिवाणू वेगळे केले आणि त्यांत रुग्णांच्याच रक्ताचा सीरम मिसळला. ज्या जिवाणूच्या गुठळ्या झाल्या, तो त्याचा गुन्हेगार! १९१९ मध्ये कॅस्टेलानी आणि चामर्स यांनी दोघांना दोन वेगळी कुळं दिली : एशेरिशिया आणि शिगेला. एक पोटातला शेजारी, दुसरा रोग पसरवणारा. वाटणी पक्की झाली.

मग ओळखायचं कसं? ई. कोलाय सहसा लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर आंबवतो, हलतो आणि ग्लुकोजपासून वायू सोडतो. शिगेला हलत नाही आणि बहुतेक वेळा वायूही सोडत नाही. पण शिगेला सोनेई लॅक्टोज आंबवतो, फक्त सावकाश. उलट काही ई. कोलाय आतड्याच्या पेशींत घुसून अगदी शिगेलासारखाच आमांश करतात. म्हणजे कुंपण पहिल्यापासूनच मोडकं होतं.

१९७० च्या दशकात डी.एन.ए. जुळवून पाहिल्यावर दोघं एकाच प्रजातीचे ठरले. पुढच्या अभ्यासात आणखी गंमत कळली. शिगेला ही एक वेगळी फांदी नाहीच. ई. कोलायच्या वेगवेगळ्या वंशांनी पेशीत घुसण्याची जनुकं असलेला प्लाझ्मिड मिळवला, नको असलेली जनुकं टाकून दिली आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे शिगेला झाला.

मग नाव बदललं का नाही? कारण रिपोर्टवर शिगेला वाचून डॉक्टर लगेच सावध होतात. तिथे नुसतं ई. कोलाय लिहिलं, तर आमांशाचा रुग्ण हातून निसटेल. इथे वंशावळीपेक्षा रुग्ण महत्त्वाचा ठरला.

आता तुम्ही म्हणाल, यात आपल्याकडचं काय? २०१४ साली पुण्याच्या संशोधकांनी दोन निरोगी माणसांच्या विष्ठेतून ऑक्सिजन न चालणारा एक गोल जिवाणू वेगळा केला. त्याचा जवळचा नातलग मेगास्फेरा एल्सडेनी, गुराढोरांच्या पोटातला. जनुकं आणि चयापचय तपासून पुणेकरांनी तो वेगळा ठरवला आणि नाव दिलं मेगास्फेरा इंडिका.

ही नोंद नावापुरती नाही. आजची ओळख पटवणारी यंत्रं आपला नमुना यादीशी ताडून बघतात. जो यादीत नाही, तो एकतर अनोळखी राहतो नाहीतर शेजाऱ्याच्या नावावर जमा होतो. ज्वारीची भाकरी पचवणाऱ्या आतड्यांतले जिवाणू त्या यादीत यायचे असतील, तर ते आपल्यालाच वाढवावे लागतील, तपासावे लागतील आणि जपून ठेवावे लागतील.