आजोबांचे हार्नाकसाहेब

आमचे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात पाळक. चर्चमधल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कायम कडोसरीला खोचलेली. पुस्तक मागायला कुणी आलं, की आधी त्याचे हात बघायचे. आज्जी म्हणायची, "जेवायला हात धुवा म्हणून मी ओरडते, ते ऐकत नाहीत. पुस्तकाला मात्र बरोबर धुतात!"

थंडीत शेंगोळी ओरपता ओरपता ते बर्लिनच्या धर्मशास्त्रज्ञ अडॉल्फ हार्नाकांचं पुराण लावत. परत जाताना कुण्या मिशनरी साहेबाने दिलेलं त्यांचं इंग्रजी पुस्तक आजोबांच्या ट्रंकेत असे. ख्रिस्ती धर्माचा गाभा काय, यावर 1899-1900च्या हिवाळ्यात दिलेली 16 व्याख्यानं. हार्नाकसाहेब कागद न घेता बोलले. एका विद्यार्थ्याने लघुलिपीत उतरवून घेतली म्हणून तर ती उरली. येशूच्या साध्या शिकवणीवर ग्रीक विचारांची पुटं चढून धर्मसिद्धांत झाले, असं त्यांचं म्हणणं. अशाच मतांपायी त्याआधी, 1888 साली, बर्लिनच्या नेमणुकीला चर्चच्या वरिष्ठांनी मोडता घातला होता. एवढा भाग आजोबा आवाज उतरवून सांगत. शेजारी चर्चचे पंच राहत ना!

1905 साली प्राध्यापकी सांभाळून साहेब तिथल्या राजग्रंथालयाचे प्रमुख झाले. मार्च 1914मध्ये ग्रंथालयाच्या नव्या भव्य इमारतीचं उद्घाटन झालं. त्याच ऑगस्टात जर्मन फौजेने बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठाचं ग्रंथालय जाळलं. आणि ऑक्टोबरात 93 जर्मन विद्वानांनी पत्रक काढलं, की आमच्या सैन्याने लूव्हाँत अत्याचार केले हे साफ खोटं. खाली हार्नाकांचीही सही! इथे आजोबांचा घास हातातच राहायचा.

आत्याला या पुराणातलं वेगळंच आवडे. हार्नाक 1911पासून 1930मध्ये वारेपर्यंत कैसर विल्हेल्म सोसायटी या विज्ञान-संशोधन संघटनेचे अध्यक्ष होते आणि आपल्या इरावती कर्वे डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या, त्या याच सोसायटीच्या मानववंशशास्त्र संस्थेत. आत्या तर दोघांना एका टेबलावर चहाही पाजायची. तो चहा तिच्या पदरचा.

आजोबांचा निकाल ठरलेला असे, "विद्वान म्हणून साहेबांना पैकीच्या पैकी. ग्रंथपाल म्हणून त्या सहीला नापास."

मला तो अजूनही कडक वाटत नाही.