व्यसन सुटण्याची वाट आणि आपण बायका

दारूविषयी आपण ओट्यावर हळू आवाजात बोलतो. चारचौघांत कुणी नाव काढीत नाही. घरची अब्रू जाईल अशी भीती असते. म्हणून या व्यसनावर उपाय कसकसे होत गेले, त्याची थोडी हकीकत मी या स्मरणिकेत देत आहे.

आपल्याकडे पूर्वी दारू सोडण्याची एकच वाट होती, ती म्हणजे माळ. पंढरीची माळ गळ्यात पडली की दारू-मटण सुटे. संत गाडगेबाबांनी १९५६ साली देह ठेवला, तोवर गावोगाव कीर्तनांतून दारूवर कोरडे ओढले. त्याने कित्येक संसार सावरले. पण ज्याचा निश्चय टिकला नाही, त्याला लोक नादान म्हणत आणि त्याच्या बायकोला बोल लावीत. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. तो १९५६ साली मुंबई राज्याला जोडला गेला. कायद्याने पिणारा गुन्हेगार ठरला, तरी रोगी ठरला नाही.

मनाच्या आजाराचीही तीच गत. निजामाच्या काळात जालन्याला वेड्यांचे इस्पितळ होते. १९५३ साली ते हैदराबादला हलवले. पुढे महाराष्ट्र झाला, तेव्हा सरकारी मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे होती. मराठवाड्याच्या वाट्याला एकही नव्हते. हदगावच्या बाईने आजारी माणसाला घेऊन एवढ्या लांब जावे कसे? मग अंगारा, गंडा, नाही तर देवऋषी.

पुढे पुण्यात गर्दचे व्यसन फैलावले. तेव्हा येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉ. अनिता अवचट काम करीत होत्या. त्यांचे पती अनिल अवचट यांनी गर्दवर लिहिलेले वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू झाले. तेथे व्यसनी माणसाला आजारी समजून मायेने वागवू लागले. बरे झालेले रोगीच पुढे तेथे कार्यकर्ते झाले. अनिताताई १९९७ साली गेल्या, पण काम थांबले नाही.

एक गोष्ट प्रत्येक घरी ठाऊक हवी. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, तर हातपाय कापतात, झोप उडते, कधी झटके येतात. दोन-तीन दिवसांनी भिंतीवर किडे दिसू लागतात, माणूस भलतेच बडबडतो. शेजारी म्हणतात, बाहेरची बाधा झाली. ती बाधा नव्हे, जिवावर बेतणारे आजारपण आहे. अशा वेळी देवऋषी नको, दवाखाना गाठावा. शपथ घ्यावी, माळही घालावी. पण डॉक्टरांना विचारून.

आणि घरच्या बाईचे काय? अमेरिकेत १९३५ साली दोन दारुड्यांनी एकमेकांच्या आधाराने दारू सोडली आणि त्यातून मोठी संघटना उभी राहिली. त्यांतल्या एकाच्या पत्नीने, लोइसबाईंनी, १९५१ साली घरच्या माणसांसाठी निराळी संघटना काढली. मुक्तांगणातही रोग्यांच्या बायकांचा 'सहचरी' गट आहे. नवऱ्याच्या पिण्याला आपण जबाबदार नाही, हे तिला कुणीतरी सांगावे लागते. ते ऐकले की तिची मान वर होते.

गडचिरोलीत बायापुरुषांनी चळवळ केली आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आली. डॉ. अभय व राणी बंग या चळवळीत होते. नुसते दुकान बंद करून पिणारा बरा होत नाही, हे जाणून २०१६ साली तेथे 'मुक्तिपथ' सुरू झाले आणि तालुक्यातालुक्यांत उपचार मिळू लागले. माझ्या मते हीच खरी शिकवण. आडवी बाटली करून बायकांनी दुकान बंद पाडावे, पण दवाखानाही मागावा, आणि तो जवळ मागावा.

आपल्या हदगावात मराठी, उर्दू आणि तांड्यांवरची गोरमाटी, सगळ्या बोल्या कानी पडतात. मनाचे दुखणे माणूस आपल्याच बोलीत सांगू शकतो. तांड्यावरच्या बाईला किंवा बुरख्यातल्या भगिनीला डॉक्टरांपुढे गप्प बसावे लागले, तर उपचार कसला? तिच्यासोबत तिची बोली जाणणारी एखादी बाई हवी. ते काम आपले मंडळ करू शकेल.

नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार होतात. शिवाय २०२२ सालापासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेली मानस' सेवा रात्रंदिवस, विनामूल्य मिळते. हा आकडा स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. ज्या घरी दारू आहे, त्या घरच्या बाईला हळदीकुंकवाला आवर्जून बोलवावे, तिच्याजवळ बसावे. नांदेडला जायचे झाले तर आपल्यातल्या दोघींनी तिच्याबरोबर जावे. एकटी बाई वाटेतून परत फिरते. तिघी असल्या की दवाखान्यापर्यंत पोचतात.