वृषणावतरण आणि चेतासंस्था

वृषणावतरण म्हणजे पुरुष गर्भाच्या उदरपोकळीत, मूत्रपिंडांच्या जवळ तयार झालेली वृषणे जन्मापूर्वी खाली सरकून वृषणकोशात येण्याची क्रिया. संप्रेरके, उदरातील दाब आणि चेता (मज्जातंतू) या सर्वांचा तिच्याशी संबंध आहे. चेतांपैकी जेनिटोफिमोरल चेतेचा अभ्यास सर्वाधिक झालेला आहे.

अवतरणाचे टप्पे

पहिला टप्पा साधारणतः गर्भावस्थेच्या ८ ते १५ व्या आठवड्यांत घडतो. वृषणाच्या खालच्या टोकापासून जांघेपर्यंत गेलेला गुबरनॅक्युलम नावाचा बंध या काळात फुगून जाड होतो व वृषणाला जांघेजवळ धरून ठेवतो. ‘गुबरनॅक्युलम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ सुकाणू. हे नाव १८ व्या शतकातील शल्यवैद्य जॉन हंटर यांनी दिले. हा टप्पा मुख्यतः लायडिग पेशींमधून स्रवणाऱ्या ‘इन्सुलिनसदृश संप्रेरक ३’ यावर अवलंबून असतो.

दुसरा टप्पा सुमारे २५ ते ३५ व्या आठवड्यांत घडतो. गुबरनॅक्युलम जांघेतून वृषणकोशाकडे वाढत जातो आणि त्याच्यामागोमाग वृषण वंक्षण नलिकेतून खाली उतरते. या टप्प्यासाठी टेस्टोस्टेरॉनादी पुरुष संप्रेरके आवश्यक असतात.

चेतेचे कार्य

जेनिटोफिमोरल चेता कटिप्रदेशातील पहिल्या व दुसऱ्या मेरुचेतांपासून निघते. तिची जननशाखा वंक्षण नलिकेतून जाऊन क्रेमॅस्टर स्नायूला व वृषणकोशाच्या त्वचेला पुरवठा करते, तर दुसरी शाखा मांडीच्या त्वचेकडे जाते.

पुरुष संप्रेरके गुबरनॅक्युलमवर केवळ थेट परिणाम न करता या चेतेच्या द्वारे कार्य करतात, असा सिद्धान्त ऑस्ट्रेलियातील बालशल्यचिकित्सक जॉन हट्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. त्यानुसार चेतेच्या टोकांतून ‘कॅल्सिटोनिन जनुकसंबंधित पेप्टाइड’ हे रसायन स्रवते व ते गुबरनॅक्युलमच्या वाढीला दिशा देते.

उंदरांमध्ये दुसरा टप्पा जन्मानंतर घडत असल्याने त्यांच्यावर प्रयोग करणे शक्य झाले. नवजात उंदरात ही चेता छेदल्यास त्या बाजूच्या वृषणाचे अवतरण अडते असे आढळले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या गुबरनॅक्युलमला हे पेप्टाइड दिल्यास त्यात लयबद्ध आकुंचने होतात.

मानवाबाबत मात्र हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. उंदराच्या गुबरनॅक्युलममध्ये स्नायूंचे प्रमाण मोठे असते. मानवात तो बहुतांशी मऊ संयोजी ऊतीचा बनलेला असतो. त्यामुळे मानवातील चेतेच्या नेमक्या कार्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. स्पायना बिफिडा या मज्जारज्जूच्या जन्मजात व्यंगाच्या गंभीर प्रकारात अनवतीर्ण वृषणाचे प्रमाण अधिक आढळते, ही बाब चेतासंबंधाला पुष्टी देणारी मानली जाते.

वैद्यकीय महत्त्व

पूर्ण दिवसांच्या सुमारे २ ते ४ टक्के मुलग्यांत जन्मतः एक किंवा दोन्ही वृषणे वृषणकोशात नसतात. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांत हे प्रमाण बरेच अधिक असते. यांपैकी अनेकांची वृषणे पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात. सहा महिन्यांनंतर मात्र तशी शक्यता फारच कमी राहते. वृषणकोशाचे तापमान शरीरापेक्षा काही अंशांनी कमी असते व शुक्रजंतूंच्या निर्मितीला ते अनुकूल असते. म्हणून वृषण वरच राहिल्यास पुढे वंध्यत्वाचा व वृषणाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. वृषण खाली आणून स्थिर करण्याची शस्त्रक्रिया (ऑर्किडोपेक्सी) साधारणतः वयाच्या ६ ते १८ महिन्यांदरम्यान करण्याची शिफारस केली जाते.

थंडीने किंवा स्पर्शाने क्रेमॅस्टर स्नायू आकुंचन पावून उतरलेले वृषण तात्पुरते वर जाणे, ही याहून वेगळी स्थिती आहे. ही प्रतिक्षिप्त क्रियाही जेनिटोफिमोरल चेतेच्याच जननशाखेमार्फत घडते. असे वृषण हाताने सहज वृषणकोशात आणता येते व तेथे राहते. त्यास सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. मात्र ते पुढे कायमचे वर जाण्याची शक्यता असल्याने मुलाची वेळोवेळी तपासणी करणे इष्ट ठरते.